भात दिवसाला किती कार्बन घेतो? २२ ला ८६,४०० ने गुणण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: कोकणात खरीप भातावर एम.एस्सी.चा प्रयोग चालू आहे. वाण कर्जत-३, लावणी २० बाय १५ सेंटिमीटरवर, पीक निसवायला (लोंब्या बाहेर पडायला) आलेलं. सकाळी साडेदहाला शेंड्याच्या पानाला इर्गा (पान चिमट्यात धरून ते किती कार्बन डायऑक्साइड घेतं ते मोजणारं यंत्र) लावला, प्रकाशसंश्लेषणाचा दर आला २२. ‘दिवसाचं कार्बन शोषण’ हवं म्हणून २२ ला ८६,४०० सेकंदांनी गुणलं, पर्णक्षेत्र निर्देशांक ५ आहे (जमिनीच्या एका चौरस मीटरवर ५ चौरस मीटर पाने) म्हणून पुन्हा ५ ने. आकडा भलताच मोठा दिसतोय. चूक कुठे आहे, आणि योग्य रीत कोणती?

आकडा तुम्हाला खटकला, हे बरं झालं. न खटकता प्रबंधात छापून गेलेले असले आकडे मी पाहिले आहेत. आधी तो किती मोठा आहे ते बघू. २२ मायक्रोमोल म्हणजे एक चौरस मीटर पानाने एका सेकंदात घेतलेला कार्बन डायऑक्साइड. मायक्रोमोल हा मोलचा दहा लाखावा भाग, म्हणून ८६,४०० ने गुणला की १.९ मोल. एका मोलमागे कार्बन १२ ग्रॅम, म्हणजे २२.८ ग्रॅम. पाचने गुणून जमिनीच्या एका चौरस मीटरमागे ११४ ग्रॅम. भाताच्या कोरड्या वजनात कार्बन साधारण ४० टक्के असतो, म्हणजे तुमचं पीक दिवसाला चौरस मीटरमागे २८५ ग्रॅम कोरडं वजन कमावतंय. हेक्टरी २,८५० किलो. चांगल्या भाताचा दाणा आणि पेंढा मिळून सबंध हंगामाचं कोरडं वजन हेक्टरी दहा-अकरा टनांच्या आसपास जातं. तुमच्या हिशेबाने लावणी ते कापणी चार दिवसांत उरकते.

(४० टक्के का, ४५ का नाही, असं विचारतील. भात मातीतून सिलिका भरमसाट उचलतो. चारसूत्री या भातलागवडीच्या पद्धतीत रोपवाटिकेत तुसाची राख घालतात ती त्यासाठीच. पेंढा जाळला तर राख पंधरा टक्क्यांच्या पुढेमागे निघते, आणि त्या राखेत कार्बन नसतो. म्हणून झाडाझुडपांसाठी वापरतात तो ४५-५० टक्क्यांचा आकडा इथे उचलू नका.)

आता चुका. पहिली तर सगळ्यांनाच दिसते: रात्री ऊन नसतं. ८६,४०० मधले निम्मे सेकंद पान कार्बन घेत नाही, सोडतं. पण तेवढीच चूक असती तर आकडा दुप्पट आला असता, पंधरापट नाही.

मोठी चूक त्या ५ मध्ये आहे. तुम्ही धरलंत की खालच्या पानापासून वरच्या पानापर्यंत सगळी पाने २२ च्या दरानेच काम करतात. एकदा खाचरात बांधावर उकिडवं बसून पिकाच्या आत बघा. वरची दोन पाने उन्हात, त्याखाली हिरवट अंधार, आणि बुडाशी पिवळी पडत चाललेली पाने. १९५३ साली मोन्सी आणि साएकी या जपानी शास्त्रज्ञांनी हा अंधार मोजायची रीत घालून दिली: पानांच्या प्रत्येक थरागणिक प्रकाश ठरावीक प्रमाणात घटतो. उभट पानांच्या भातासाठी हा गुणांक ०.४ ते ०.६ च्या दरम्यान येतो. ०.५ धरला, तर पर्णक्षेत्राचा पहिला थर ओलांडल्यावर प्रकाश ६१ टक्के उरतो, दुसऱ्यानंतर ३७, तिसऱ्यानंतर २२, आणि पाचव्याखाली, पाण्यावर, जेमतेम ८ टक्के.

शिवाय इर्गाच्या चिमट्यात पान आडवं धरलं जातं आणि दिव्याचा झोत त्याच्यावर सरळ पडतो. शेतात तेच पान जवळजवळ उभं असतं आणि ऊन त्याच्यावर तिरपं पडतं. म्हणजे पिकावर १५०० मायक्रोमोल प्रकाश (तोही चौरस मीटरमागे सेकंदाला असाच मोजतात) असला तरी वरच्या थरातल्या पानाच्या पृष्ठभागावर सरासरीने त्याच्या निम्म्यालाही कमीच येतो.

हे सगळं तुमच्या २२ वर बसवून बघू. भाताचं पान प्रकाश वाढेल तसं सरळ रेषेत वाढत नाही. आधी भराभर, मग दमत दमत. तुमच्या २२ शी जुळणारी वक्ररेषा अशी बसते: सुरुवातीचा उतार ०.०५, कमाल क्षमता ३३, पानाचं श्वसन १. उताराला प्रकाशाने गुणा, त्याला पुन्हा ३३ ने गुणा, खाली ‘उतार गुणिले प्रकाश अधिक ३३’ ने भागा आणि १ वजा करा. प्रकाश १५०० असताना २२ येतात. ५०० ला १३. १०० ला ३. प्रकाश एक तृतीयांशावर आला तरी पान साठ टक्के काम करतं, हे लक्षात ठेवा, पावसाळ्यात हेच उपयोगी पडतं.

आता पाच थर करा. वर १५०० प्रकाश आणि गुणांक ०.५ असताना थरांतल्या पानांना सरासरी ५८४, ३५४, २१५, १३० आणि ७९ एवढा प्रकाश मिळतो. त्यांचे दर येतात १४.५, १०.५, ७.१, ४.४ आणि २.५. बेरीज ३९. तुम्ही धरले होते ११०. आणि हे ३९ सुद्धा जास्तच आहेत, कारण यात खालचं म्हातारं पान वरच्या तरण्या पानाइतकंच सक्षम मानलंय, आणि खोड, पर्णकोष, पोटरीतली लोंबी यांचं श्वसन धरलेलंच नाही. ते धरलं की भर दुपारचा खरा आकडा तीस-पस्तिसाच्या घरात येतो.

तिसरी गोष्ट म्हणजे यंत्राच्या आतला दिवा. तुम्ही लाल-निळा दिवा १५०० वर ठेवून मोजलंत की बाहेरच्या उजेडात? प्रश्नात तसं लिहिलेलं नाही, पण २२ आलेत म्हणजे बहुधा दिव्यावरच. पाऊस उघडीप देत नसताना बाहेर ४००-५०० प्रकाश असतो आणि चिमट्यात पानाला १५०० चं ऊन दाखवलं जातं. असा दर म्हणजे पानाची ऐपत, त्या दिवसाची कमाई नव्हे. वाणांची तुलना करायची तर दिवा लावूनच मोजा. दिवसाचा हिशेब करायचा तर बाहेरचा प्रकाश संवेदकावर नोंदवा आणि तो वक्ररेषेत घाला. लक्समीटरवर भागवू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, पानाचं नाही.

इथेच पानाच्या क्षेत्रफळाचंही बोलून घेते, कारण भातात निम्मे घोटाळे यातच होतात. नेहमीचा चिमटा दोन बाय तीन सेंटिमीटरचा, म्हणजे यंत्र आपणहून ६ चौरस सेंटिमीटर धरतं. भाताचं पान सव्वा सेंटिमीटर रुंद. १.२ धरलं तर चिमट्यात पान फक्त ३.६ चौरस सेंटिमीटर. तो आकडा यंत्रात बदलला नाही, तर दर साठ टक्केच दिसतो. तुमच्या बाबतीत तसं झालेलं नसावं: ६ तसेच राहिले असते तर खरा दर ३६ च्या वर निघाला असता, आणि भाताच्या पानाला तो जड आहे. तरी वही तपासा. मी स्वतः सुरुवातीच्या एका हंगामात आठवडाभराची सगळी मोजणी ६ वरच केली होती. पानांची रुंदी लिहून ठेवलेली नव्हती, त्यामुळे नंतर दुरुस्तही करता आली नाही. तेव्हापासून पट्टी इर्गाच्या पट्ट्यालाच बांधलेली असते. सबंध पानाचं क्षेत्रफळ हवं असेल तर लांबी गुणिले जास्तीत जास्त रुंदी गुणिले ०.७५, भातासाठी हा गुणक पिकाच्या बऱ्याच काळात चालतो, अगदी रोपावस्थेत आणि पिकताना तो थोडा कमी घ्यावा लागतो.

मग दिवसाचा आकडा काढायचा कसा? माझं मत सरळ आहे: कुठल्याही एका पद्धतीने आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. वेगवेगळ्या वाटांनी तीन आकडे काढा आणि त्यांचा ताळा बसतो का बघा.

पहिली वाट उन्हाची. पीक किती ऊन अडवतं आणि त्याचं किती वजन करतं, एवढंच बघायचं. ही रीत ब्रिटिश शास्त्रज्ञ माँटिथ यांनी १९७७ मध्ये रूढ केली आणि आजही बहुतेक पीक-प्रारूपांच्या आणि उपग्रहाच्या अंदाजांच्या मुळाशी तीच आहे. समजा सप्टेंबरच्या सुरुवातीचा, ऊन-ढग असा दिवस. हवामान केंद्रावर एकूण सौर ऊर्जा १६ मेगाज्यूल नोंदली गेली. त्यातली निम्मी पानांच्या कामाची, म्हणजे ८. पर्णक्षेत्र ५ असताना पीक त्यातली ९२ टक्के अडवतं, ७.४. भात दर मेगाज्यूलमागे अडीच ग्रॅमच्या आसपास वजन कमावतो. झाले १८.४ ग्रॅम, त्यात कार्बन ७.४ ग्रॅम. हेक्टरी ७४ किलो. तुमच्या ११४ ग्रॅमच्या जागी साडेसात ग्रॅम. यात श्वसन आधीच वजा झालेलं आहे, कारण अडीच ग्रॅमचा आकडा काट्यावरच्या वजनावरूनच काढलेला असतो. पुन्हा वजा करू नका. ही चूकही फार जण करतात.

दुसरी वाट पेटीची, आणि माझी सगळ्यात आवडती. ॲक्रिलिकची पारदर्शक पेटी, तळ अर्धा मीटर बाय अर्धा मीटर, उंची एक मीटर. आत बॅटरीवरचा छोटा पंखा आणि कार्बन डायऑक्साइडचा संवेदक. भाताच्या खाचरात पेटीचं एक सुख आहे: पाणी साचलेलं असतं, त्यामुळे पेटी चिखलात टेकवली की खालून आपोआप हवाबंद होते. झाकण लावायचं आणि आकडा उतरताना बघत बसायचं. उतरतो किती वेगाने? तीस अंश तापमानाला एक घनमीटर हवेत सुमारे ४० मोल असतात. म्हणून एक मीटर उंचीच्या पेटीत सेकंदाला १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) घट झाली, तर पिकाचा दर ४०. एवढं ध्यानात असलं की बांधावरच तोंडी हिशेब होतो: मिनिटाला ४५ पीपीएम उतरले, म्हणजे दर ३०. पेटी नव्वद सेकंदांच्या वर ठेवू नका. दोन मिनिटांत ४२० चे ३३०-३४० होतात, आत उबारा वाढतो, पाने घाम आल्यासारखी ओली होतात, आणि मग तुम्ही पीक मोजत नसता, पेटी मोजत असता.

सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर दीड-दोन तासांनी मोजा. त्याच पेटीवर काळं कापड टाकलं की श्वसन मिळतं. सूर्योदयापूर्वीचं एक मोजमाप चुकवू नका, आणि रात्री नऊच्या सुमारास एक. समजा भर दुपारी ३० आले आणि दिवसाची चाल कमानीसारखी आहे. बारा तासांच्या दिवसाची सरासरी कमालीच्या ०.६४ धरायची, म्हणजे भर दुपारचे ७.६४ तास. ३० गुणिले ७.६४ गुणिले ३,६०० म्हणजे ०.८३ मोल, ९.९ ग्रॅम कार्बन. रात्रीचं श्वसन ४ धरलं तर बारा तासांत २.१ ग्रॅम जातो. शिल्लक ७.८. उन्हाच्या वाटेने ७.४ आले होते. एवढ्या फरकावर मी रात्री शांत झोपते.

कमान मात्र दरवेळी सुबक येत नाही. पावसाळ्यात ढगांमुळे ती करवतीसारखी दातेरी होते, तिथे ०.६४ न लावता प्रत्येक दोन मोजण्यांमधलं क्षेत्रफळ समलंब चौकोनाने काढून बेरीज करा. उन्हाळी भातात वेगळंच: सकाळी दहापर्यंत चढ, मग हवा कोरडी होत जाते तशी पर्णरंध्रे आखडतात आणि दुपारी मध्येच खळगा पडतो. पायाखाली चार बोटं पाणी असूनही. साडेदहाच्या एका नोंदीवरून अख्खा दिवस काढायला मी का नको म्हणते, ते या खळग्यामुळे.

पेटीत एक चोर असतो. खाचरातल्या पाण्यावर शेवाळ, कधी ॲझोला ही तरंगणारी वनस्पती. तेही कार्बन घेतात, आणि दुपारी पाण्याचा सामू (पीएच) चढतो तेव्हा पाणी स्वतःच वायू ओढून घेतं. पर्णक्षेत्र ५ झाल्यावर खाली उजेडच नसतो म्हणून तुम्हाला त्याचा फारसा त्रास होणार नाही. पण लावणीनंतर पहिल्या तीन आठवड्यांत, दोन ओळींमध्ये पाणी चकाकत असताना, एक बुटकी पेटी नुसत्या पाण्यावर ठेवून तेवढं वजा करा.

तिसरी वाट काट्याची. ठरावीक जागेतले चूड (एकत्र लावलेल्या दोन-तीन रोपांचे झुबके) कापायचे, सत्तर अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचे, दहा दिवसांनी पुन्हा. दिसायला सगळ्यात सोपी आणि फसवायला सगळ्यात पक्की. समजा पहिलं वजन ४२० ग्रॅम, दुसरं ६००. फरक १८०, म्हणजे दिवसाला १८ ग्रॅम, कार्बन ७.२. छान जुळलं! पण दोन्ही वजनांत आठ-आठ टक्के चूक असेल (आणि दोन-चार चूड कापून भागवणाऱ्याची त्याहून जास्त असते), तर फरकातली चूक जवळजवळ ५९ ग्रॅम. मग १८ चा अर्थ बारा ते चोवीसमधलं काहीही. म्हणून एका जागी निदान दहा-बारा चूड घ्या, आणि आधी वीस-पंचवीस चुडांचे फुटवे मोजून सरासरीच्या जवळचे निवडा. डोळ्याला छान दिसतो तो चूड हात आपोआप उचलतो, त्याला आवरा. एका दिवसाचा आकडा या वाटेने कधीच निघत नाही. निघते ती दहा दिवसांची सरासरी, आणि पहिल्या दोन वाटांनी आलेले रोजचे आकडे बेरजेत तिच्याजवळ आले पाहिजेत.

कापलेले चूड गोणपाटात भरून ‘उद्या वाळवू’ म्हणून ठेवू नका. हिरवं पीक गोणीत श्वसन करतच राहतं. सकाळी गोणीत हात घातला की कोमट लागतं, ती ऊब म्हणजे तुमचा जळत असलेला कार्बन. मुळांचंही बघा. निसवण्याच्या सुमारास ती एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतात, पण चिखलातून धुऊन काढताना बारीक मुळे पाण्यासोबत जातात. ती मोजली नाहीत तर चालेल, पण मोजली नाहीत असं स्पष्ट लिहा.

निसवल्यानंतर आणखी एक फसगत होते. लोंबीचं वजन रोज वाढताना दिसतं आणि वाटतं की तेवढा कार्बन त्या दिवशी हवेतून आला. त्यातला बराच भाग आधीच खोडात आणि पर्णकोषात पिठूळ-साखर होऊन साठलेला असतो, तो आता वर सरकतो. वाण आणि हवामान बघून दाण्यातला पाचवा हिस्सा, कधी तिसराही, असा जुन्या शिलकीतला असतो. म्हणून दाणे भरताना सबंध चुडाचं वजन घ्या, नुसत्या लोंबीचं नको. ढगाळ सप्टेंबरात शिलकीवरच दाणे भरावे लागतात आणि शिलक तोकडी पडली की पळींज (पोकळ दाणे) वाढतं, हे शेतकऱ्याला इर्गाशिवाय कळतं.

मनोऱ्यावरच्या पद्धतीबद्दल विचारलंत तर, ती उत्तमच आहे. हवेचे भोवरे आणि त्यांतला कार्बन डायऑक्साइड सेकंदाला दहा वेळा मोजतात, पिकाला हात न लावता, रात्रंदिवस. कटकच्या भात संशोधन संस्थेत, फिलिपिन्समध्ये लॉस बान्योसला, जपानात मासे इथे भातावर हे काम झालेलं आहे. पण त्याला चहूबाजूंनी सपाट, एकसारखं, विस्तीर्ण शेत लागतं. आपल्याकडे चार गुंठ्यांचं खाचर, वर दुसरं, खाली तिसरं, एका कडेला आंब्याची बाग; वारा कुणाचा कार्बन घेऊन आला ते त्याचं त्यालाच ठाऊक. उपग्रहाच्या अर्धा किलोमीटरच्या चौकोनाचंही कोकणात तेच रडगाणं. त्या आकड्यात निम्मं रान असतं.

‘एका रोपाचं’ शोषण सांगा, असा आग्रह मार्गदर्शक धरतील. चौरस मीटरमागे साडेसात ग्रॅम असतील आणि २० बाय १५ वर ३३ चूड बसत असतील, तर एका चुडाचे साधारण पाव ग्रॅमला थोडे कमी. आकडा द्या, पण चुडाचा म्हणून द्या. एका चुडात दोन-तीन रोपे असतात. आणि तो शेतातल्या चुडाचाच असू द्या. कुंडीतल्या रोपाला बाजूने चहूकडून उजेड मिळतो, शेजारी कोणी नसतो, ते ऐसपैस वाढतं. कुंडीवरून हेक्टरचा हिशेब करणं म्हणजे बंगल्यातल्या माणसावरून चाळीतल्या गर्दीचा अंदाज बांधणं.

अलीकडे या प्रश्नामागे कार्बन क्रेडिट दडलेलं असतं, म्हणून दोन वाक्यं. दिवसाला ७४ किलो कार्बन घेतला म्हणजे तेवढा साठला असं नाही. दाणा आपण खातो, पेंढा गुरं खातात, मुळं वर्ष-दोन वर्षांत बहुतांशी कुजून जातात. भातात पैसे मिळण्याजोगी बचत असते ती मिथेनची, पाणी अधूनमधून आटवून केलेली, आणि तो हिशेब पूर्ण वेगळा आहे.

तुमच्यासाठी आता कामाचं. पीक पुढच्या आठवड्यात निसवेल, वेळ थोडा आहे. इर्गाने वरचं, मधलं आणि खालचं अशा तीन पानांवर वक्ररेषा काढा. २००० पासून उतरत शून्यापर्यंत सात-आठ टप्पे, प्रत्येक टप्प्यावर पान स्थिरावेपर्यंत थांबा. प्रकाश संवेदक एक पिकाच्या वर, एक बुडाशी. गुणांक तुमच्या शेताचा काढा, माझा ०.५ उसना घेऊ नका. पेटी तालुक्याच्या गावातला फलक बनवणारा करून देतो; आमची पहिली पेटी तशीच झाली. कोपरे सिलिकॉनने भरून घ्या आणि शेतात नेण्याआधी रिकामी पेटी तशीच बंद करून पाच मिनिटं आकडा हलतो का ते बघा. आमच्या त्या पेटीचा हलत होता. पंख्याची वायर जिथून आत घेतली होती ते भोक बुजवायचं राहिलं होतं.